सोन्याच्या गावांचा वारसा आणि त्यातली घट



स्मृती म्हणजे काय, इतिहास म्हणजे काय, आणि या दोहोंतून 'वारसा' नावाची तिसरी गोष्ट कशी तयार होते, हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारले की थोडे हवेतच राहतात. आज ते आपण जमिनीवर उतरवून बघू. त्यासाठी मी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली तीन गावं घेतली आहेत: बॅलरॅट, बेंडिगो आणि कॅसलमेन. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी जी झुंबड उडाली तिच्यातून ही गावं उभी राहिली, आणि आज त्याच झुंबडीच्या आठवणीवर त्यांचा बराचसा संसार चालतो. हा विषय आपल्याला फार लांबचा वाटायचं कारण नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं, सुना, नातवंडं मेलबर्नला आहेत. तिथे गेलेल्या आईबाबांना एखाद्या शनिवारी गाडीत बसवून बॅलरॅट दाखवायला नेतातच. तेव्हा हे व्याख्यान जाऊन आलेल्यांसाठी आहे आणि जाणाऱ्यांसाठीही.

सुरुवातीला एक साधा शब्द हाताशी घेऊ. जुना दागिना मोडायला सोनाराकडे नेला की तो वजन करतो, आणि पैसे सांगायच्या आधी 'घट' सांगतो. डाग, मळ, वितळवताना जाणारं, हे सगळं वजा. घट सांगणारा सोनार आपल्याला आवडत नाही, पण न सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, की वारसा दाखवणाऱ्यालाही घट सांगता आली पाहिजे. काय उरलं याच्याबरोबर काय गेलं, कोणाचं गेलं, हे त्या वस्तूतच दिसलं पाहिजे. या कसोटीवर आपण या गावांतली चित्रं, संग्रहालयं, एक निशाण, एक ड्रॅगन आणि शेवटी खुद्द तिथली जमीन तपासून बघू.

आधी थोडक्यात इतिहास. १८५१ साली व्हिक्टोरियात सोनं सापडलं. त्या वर्षी वसाहतीची लोकसंख्या होती सुमारे ७७ हजार. दहा वर्षांत ती सव्वापाच लाखांच्या वर गेली. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, इटली, अमेरिका, चीन, सगळीकडून माणसं आली. या खणणाऱ्यांना तिकडे 'डिगर' म्हणत; आपणही तोच शब्द वापरू. पहिली काही वर्षं एकेकटा माणूस फावडं आणि परात घेऊन ओढ्यात नशीब काढत होता. वरवरचं सोनं संपलं तशा खोल खाणी आल्या, कंपन्या आल्या, आणि डिगरचा पगारी मजूर झाला. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. वारशाच्या दुकानात पहिल्या दोन-तीन वर्षांचाच माल जास्त खपतो.

आणि सोन्याचं काय झालं? १८५८ साली बॅलरॅटमध्ये सुमारे ६९ किलोचा एक गोळा सापडला. 'वेलकम नगेट' असं त्याचं नाव. तो लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी वितळवून त्याची नाणी पाडली. आज संग्रहालयांत त्याची जी दिसते ती प्रतिकृती. गंमत बघा, ज्याच्यामुळे ही गावं झाली ती वस्तू सोडून बाकी सगळं गावात राहिलं. सोन्याचा गुणच तो. ते वितळतं, रूप बदलतं, निघून जातं. म्हणून सोन्याच्या गावातला वारसा म्हणजे अपरिहार्यपणे सोनं गेल्यानंतरचा वारसा असतो.

आता बॅलरॅटला जाऊ. तिथलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण सॉव्हरिन हिल. १९७० साली उघडलेलं खुलं संग्रहालय. जुन्या खाणीच्याच जागेवर १८५० च्या दशकातला रस्ता पुन्हा उभारलाय. घोडागाड्या चालतात, लोहार ऐरण ठोकतो, त्या काळच्या वेषातल्या बायका फिरताना दिसतात, लाल डगल्यातले शिपाई कवायत करतात. शाळेची मुलं जुने कपडे घालून दोन-दोन दिवस जुन्या शाळेत बसतात. हे सगळं खोटं म्हणून उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही. तिथे लाकडी चाकं खरोखर घडवली जातात, मेणबत्त्या पाडल्या जातात, उकळलेल्या साखरेच्या गोळ्या जुन्या यंत्रांवर बनतात. कारागिरी हातातून हातात गेली तरच जगते. काचेच्या कपाटात ती मरते. त्या अर्थाने सॉव्हरिन हिलने मोठं काम केलंय.

पण त्याच गावात एक ओढा आहे. परात घेऊन त्यात बसायचं, वाळू धुवायची. थोडा वेळ बसलात की तळाशी चमकणारा कण दिसतोच. दिसणारच, कारण त्या वाळूत सोन्याचे कण मुद्दाम मिसळलेले असतात. व्यवस्थापन ते लपवतही नाही. तेव्हा फसवणूक म्हणून माझी तक्रार नाही. माझी हरकत वेगळी आहे आणि मला ती जास्त गंभीर वाटते. बाकी प्रत्येक गोष्टीत, म्हणजे कपड्यांची शिवण, पाटीवरची अक्षरं, घोड्याचा लगाम यांत इतकी अचूकता पाळायची, आणि ज्या एका गोष्टीवर तिथल्या प्रत्येक माणसाचं आयुष्य टांगलेलं होतं, म्हणजे नशीब, तिथे मात्र सगळ्यांना थोडंथोडं वाटून टाकायचं! बहुतेक डिगरांच्या हाती पोटापुरतंही नीट लागलं नाही. हे रिकामेपण हाच त्या अनुभवाचा गाभा. रिकामी परात हातात घेऊन घरी जाणारं मूल नाराज होईल हे खरं. पण त्या अर्ध्या तासाच्या नाराजीत त्याला १८५२ साल जितकं कळलं असतं तितकं साखरेच्या गोळीत कळणार नाही.

नीत्शेने १८७४ साली एक छोटा निबंध लिहिला, इतिहासाचे जीवनासाठी उपयोग आणि तोटे यांवर. त्यात तो भूतकाळाकडे बघण्याचे तीन मार्ग सांगतो. एक स्मारकी: थोरांची आठवण काढून बळ मिळवायचं. दुसरा जपणुकीचा: जुनं ते सगळं मायेने सांभाळायचं. तिसरा चिकित्सक: भूतकाळाला न्यायासनापुढे उभं करायचं. तिन्ही लागतात असं तो म्हणतो, आणि एकटा कुठलाही मार्ग बिघडतो असंही म्हणतो. जपणुकीचा मार्ग बिघडतो तेव्हा माणूस जुन्या वस्तूंच्या वासातच रमतो. कशाला किती किंमत हे त्याला सांगता येत नाही. सॉव्हरिन हिलचं दुखणं मला या जातीचं वाटतं.

आता चित्रांकडे येऊ, कारण इथे कलेने वारशापेक्षा जास्त प्रामाणिकपणा दाखवलाय. सॅम्युअल थॉमस गिल हा इंग्लंडात जन्मलेला चित्रकार १८५२ साली कॅसलमेनजवळच्या सोन्याच्या रानात पोचला. त्याने डिगरांची रेखाटनं केली, ती शिळाछाप करून विकली, लोकांनी उचलून धरली. पुढे १८६९ साली मेलबर्नच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी त्याच्याकडून या जुन्या दिवसांची जलरंगातली मालिका करून घेतली. तीत एक चित्र परत न आलेल्या दुर्दैवी डिगरचं आहे. रान, आणि त्या रानात माणसाचा सांगाडा. बस्स. शेजारी ना थडगं, ना नाव. गिलने सुदैवी डिगरही काढलाय, हे महत्त्वाचं. दोन्ही एकाच मालिकेत, एकाच हाताने. यालाच मी घट सांगणं म्हणतो. गिल स्वतः १८८० साली मेलबर्नच्या पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांवर कोसळून मेला आणि बेवारशी म्हणून पुरला गेला. चित्रकाराच्या चरित्रावरून चित्राची किंमत करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तरी ही माहिती तुम्हाला असू द्या.

दुसरा चित्रकार यूजीन फॉन गेरार्ड. व्हिएन्नाचा. १८५२ च्या अखेरीस सोन्यासाठी आला, बॅलरॅटला वर्षभर खणलं, फारसं काही मिळालं नाही, आणि मग पुन्हा ब्रश धरला. व्हिक्टोरियाचा तो त्या काळचा मोठा निसर्गचित्रकार झाला. बॅलरॅटच्या कलादालनात त्याचं एक तैलचित्र आहे, १८५३-५४ च्या उन्हाळ्यातल्या जुन्या बॅलरॅटचं. पण ते रंगवलंय १८८४ साली! तीस वर्षांनी, जुन्या रेखाटनांवरून, आणि तेही युरोपात परतल्यावर. करवून घेतलं जेम्स ओडी या गृहस्थांनी. हे ओडी १८५१ साली आलेले डिगर, पुढे बॅलरॅट नगरपालिकेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याच पुढाकाराने १८८४ मध्ये तिथलं कलादालन स्थापन झालं. राजधानीबाहेरच्या ऑस्ट्रेलियन कलादालनांत ते सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं.

आता नीट बघा. १८८४ साली बॅलरॅटमध्ये दगडी बँका, नाट्यगृह, रुंद रस्ते सगळं होतं. अशा वेळी गावातला एक श्रीमंत म्हातारा तंबूंच्या वस्तीचं चित्र मागवतो. म्हणजे गाव जेमतेम तिशीत आलंय, आणि वारसा तयार व्हायला सुरुवातही झाली! वारसा ही नंतरच्या पिढ्यांनी केलेली गोष्ट असते असं आपण धरून चालतो. इथे जगलेल्या माणसांनी जिवंतपणीच आपली आठवण घडवून, चौकटीत बसवून, भिंतीवर लावली. चित्र सुंदरच आहे. पण त्यातली शांतता १८५३ ची नाही, ती १८८४ ची आहे.

याच गेरार्डचं १८५४ सालचं एक चित्र जीलाँगच्या कलादालनात आहे. खाणींच्या वाटेवर भेटलेले आदिवासी आणि एक गोरा प्रवासी. त्यांच्यात पॉसम या प्राण्याच्या कातड्याच्या झग्यांचा सौदा चाललाय. त्या चित्रात मूळ रहिवासी बघे नाहीत, विक्रेते आहेत, व्यवहार करणारे आहेत. नंतरच्या शंभर वर्षांच्या शाळेच्या पुस्तकांपेक्षा हे एक चित्र जास्त सांगतं. म्हणून मी म्हणतो, या भागात गेलात तर आधी कलादालन बघा, मग संग्रहालय.

आता त्या प्रसिद्ध निशाणाबद्दल. डिगरांना खणण्याचा परवाना लागायचा. सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग. सोनं मिळो न मिळो, पैसे भरा. पोलीस परवाने तपासायला येत ते शिकारीला आल्यासारखे. १८५४ च्या नोव्हेंबरअखेर बॅलरॅटच्या डिगरांनी पीटर लेलर या आयरिश माणसाच्या नेतृत्वाखाली एका निळ्या निशाणाखाली शपथ घेतली. त्यावर पांढरा क्रूस आणि पाच तारे, म्हणजे दक्षिणेच्या आकाशातलं त्रिशंकूचं नक्षत्र. युरेका नावाच्या जागी त्यांनी लाकडी मोर्चा बांधला. ३ डिसेंबरला पहाटे सैन्य आलं आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं. वीसहून जास्त डिगर मेले, काही सैनिकही. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले, त्यांत एक अमेरिकेतला कृष्णवर्णीय होता, एक कार्बोनी नावाचा इटालियन लेखक होता. मेलबर्नच्या ज्यूरींनी सगळ्यांना सोडून दिलं. वर्षभरात तो परवाना गेला, आणि लेलर विधिमंडळात जाऊन बसले.

ते निशाण एका शिपायाने उतरवलं. ते त्याच्या घरी राहिलं, आणि १८९५ साली त्याच्या विधवेने बॅलरॅटच्या कलादालनाकडे दिलं. पुढे कितीतरी वर्षं त्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. कोणी महत्त्वाचा पाहुणा आला की आठवण म्हणून एखादा तुकडा कापून देत! १९७३ साली ते दुरुस्त करून पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या हस्ते लोकांसमोर मांडलं गेलं. आज ते युरेका सेंटरमध्ये, मंद उजेडात आहे. एका बाजूचा मोठा भाग नाहीच. आणि मला तिथली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते, की तो गेलेला भाग नवं कापड रंगवून भरलेला नाही. जे गेलं ते गेलेलं दिसतं.

याच निशाणाचं बाहेर काय होतं बघा. बांधकाम मजुरांच्या संघटना ते फडकवतात, आणि गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचा जप करणारे उजवे गटही फडकवतात. गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवतात. बाहेरच्या सगळ्या नकला अखंड, पाचही तारे शाबूत. मूळ तेवढं फाटकं. नीत्शेचा स्मारकी मार्ग बिघडतो तो असा. स्मारकाला भोकं परवडत नाहीत. खाली शपथ घेणारे पंचवीस देशांचे होते की एका रंगाचे, हा प्रश्न विचारला की नक्कल फडकवणाऱ्याची अडचण होते. फाटक्या मूळ कापडाची होत नाही.

इथून बेंडिगोला जाऊ, कारण रंगाचा प्रश्न तिथे टाळताच येत नाही. चिनी लोक व्हिक्टोरियाला नवा सुवर्णपर्वत म्हणत. १८५५ साली वसाहतीने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. मग जहाजं शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या लहानशा बंदरात माणसं उतरवू लागली. १८५६ ते १८५८ या काळात सोळा हजारांहून अधिक चिनी तिथे उतरले आणि काहीशे किलोमीटर पायी चालत खाणींवर आले. १८५७ मध्ये बकलंड नदीच्या खोऱ्यात गोऱ्या डिगरांनी त्यांच्या वस्त्या जाळल्या. आणि त्याच चिनी समाजाने बेंडिगोत १८७१ पासून भरणाऱ्या ईस्टर जत्रेत मिरवणुका काढल्या. ही जत्रा भरायची गावच्या रुग्णालयाला आणि अनाथ-निराधारांच्या आश्रमाला पैसे जमवायला.

या मिरवणुकीतला 'लूंग' नावाचा जुना ड्रॅगन आज तिथल्या गोल्डन ड्रॅगन संग्रहालयात आहे. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं तेव्हाच्या सोहळ्यात बेंडिगोचे चिनी लोक मेलबर्नला आपला ड्रॅगन घेऊन मिरवले. आणि त्याच १९०१ च्या डिसेंबरात नव्या संसदेने असा कायदा केला की चिनी माणसाला देशात येणंच अशक्य व्हावं. मे महिन्यात मिरवणूक, डिसेंबरात दार बंद. एका ड्रॅगनच्या अंगावर केवढा इतिहास आहे!

पण ड्रॅगनचं वैशिष्ट्य असं की तो म्हातारा झाला की निवृत्त होतो. लूंग १९७० मध्ये निवृत्त झाला, त्याच्या जागी आलेला सन लूंग २०१९ मध्ये, आणि आता दाई गम लूंग मिरवतो, शंभर मीटरहून लांब. त्याला नाचवायला गावातली चिनी आणि बिगरचिनी माणसं लागतात, डझनावारी. जुना काचेमागे, नवा रस्त्यावर, आणि दोघांमधलं नातं सगळ्या गावाला ठाऊक. आपल्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. उत्सवात मूर्ती दरवर्षी नवी असते, उत्सव जुना असतो. सॉव्हरिन हिलमध्ये काळ १८५० च्या दशकात थांबवून ठेवावा लागतो. ड्रॅगनला तशी गरज पडत नाही.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात जड वाटणारा मुद्दा, जमीन. कॅसलमेनभोवतीचं रान २००५ पासून राष्ट्रीय वारसा आहे. तिथे बघायला इमारत जवळजवळ नाही. खड्डे आहेत, मातीचे ढीग, पाण्याचे पाट, पडक्या धुराड्यांचे दगड, आणि तोडून पुन्हा फुटलेली झाडं. ही भूमी जाजा वुरुंग लोकांची. ते तिला आज इंग्रजीत ज्या शब्दांनी ओळखतात त्यांचा अर्थ होतो 'उलटीपालटी केलेली भूमी'. आतली माती वर, वरची आत. एवढ्या तीन शब्दांत त्यांनी जी समीक्षा केली आहे तिच्यात मला भर घालता येणार नाही. आणि ही घट अजून चालू आहे. बेंडिगोच्या खालच्या बंद खाणींत पाणी साचतं, त्यात आर्सेनिक असतं, ते उपसून शुद्ध करावं लागतं. सोनं एकदा निघालं. पाणी निघतच असतं. नीत्शेचा चिकित्सक मार्ग म्हणजे काय, हे मला कुठल्याही फलकापेक्षा त्या खड्ड्यांच्या काठावर जास्त स्पष्ट दिसतं.

२०२५ साली व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रांचा समावेश ऑस्ट्रेलियाच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पुढे प्रस्ताव जाईल, पर्यटक वाढतील, पैसा येईल. अशा वेळी काय पुढे आणायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरतं, आणि एकदा ठरलं की पन्नास वर्षं बदलत नाही. दगडी बँका आणि सोन्याची परात पुढे आणणं सोपं आहे, फोटो चांगले येतात. खड्ड्यांचा फोटो येत नाही. म्हणून आता बोलायला हवं.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग सॉव्हरिन हिल बघूच नये का? नातवंडांना तर तेच आवडतं.)

अहो, जरूर बघा! नातवंडांना परातीतलं सोनंही काढू द्या, त्या आनंदात विरजण कशाला? फक्त परत येताना गाडीत त्यांना एक प्रश्न विचारा: त्या दिवशी तिथे आलेल्या प्रत्येकाला सोनं मिळालं, तर मग खऱ्या काळी इतकी माणसं रिकाम्या हाताने का गेली? मुलं हुशार असतात. उत्तर शोधतील. आणि दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर कॅसलमेनच्या रानात तासभर चालून या. तिकीट लागत नाही. पायाखाली मात्र बघून चाला, जुने खड्डे अजून उघडे आहेत.